कॉलनीच्या बागेत मूठमाती द्यावी का?



मागच्या काही भागांत आपण कॉलनीतल्या सामायिक गोष्टींवर बोललो. पाण्याची टाकी झाली, पार्किंग झालं, गच्ची झाली. आजचा विषयही त्याच माळेतला आहे, पण जरा हळवा आहे. घरातलं पाळीव जनावर गेलं, तर त्याला कॉलनीच्या बागेत पुरावं का?

ज्याच्यावर वेळ आली नाही त्याला हा प्रश्न किरकोळ वाटेल. ज्याच्यावर आली आहे त्याला विचारा. बारा-तेरा वर्षं घरात वावरलेलं कुत्रं रात्रीतून जातं. घर तिसऱ्या मजल्यावर, मालकीची वीतभर जमीन नाही, मुलं रडताहेत, उन्हाळ्याचे दिवस आहेत आणि दुपारपर्यंत काहीतरी निर्णय घ्यायचा आहे. आपल्या आजोबांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. परसात किंवा शेताच्या बांधावर चिंचेखाली खड्डा खणला, मूठमाती दिली, झालं. आता परस गेलं, बांध गेला, जनावर मात्र आपल्याबरोबर शहरात आलं. अशा वेळी नजर जाते ती खाली दिसणाऱ्या बागेकडे. तिथेच तर ते रोज फिरायचं!

मी नवा रायपूरला राहतो. छत्तीसगडची ही नवी राजधानी आखीव आहे. सेक्टर, रुंद रस्ते आणि सेक्टरागणिक बागा. निवृत्तीनंतर इथे आलेल्या आमच्यासारख्यांच्या घरात कुत्रं हमखास असतं. माझ्याही घरात तेरा वर्षांचा लॅब्रेडॉर आहे. मागचे पाय थकलेत, जिना उतरताना थांबून माझ्याकडे बघतो. तेव्हा आजचं बोलणं पुस्तकी नाही, हे आधीच सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात एक प्रसंग झाला. एका कुटुंबाने आपलं कुत्रं रात्री बागेच्या कडेला पुरलं. कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी नाही म्हटलं असतं तर ते ऐकण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते. खड्डा जेमतेम दीड फुटांचा. दोन आठवडे पाऊस झाला, माती खचली आणि भटक्या कुत्र्यांनी जागा उकरली. सकाळी खेळायला आलेल्या मुलांनी ते पाहिलं. मग जे व्हायचं तेच झालं. एका बाजूला संतापलेले पालक, दुसऱ्या बाजूला दुःखात असलेलं कुटुंब, आणि ज्याच्यावर त्यांनी जीव लावला त्याच्या देहाची अशी विटंबना. सेक्रेटरी माझ्याकडे आले, म्हणाले, "कर्नलसाहेब, नियम काय आहे ते एकदा सगळ्यांना समजावून सांगा." मी म्हटलं, नियम सांगतोच, पण नियमामागचं कारणही सांगतो. कारण कळलं की माणूस नियम पाळतो.

यात चार प्रश्न आहेत. जमीन कुणाची? जमिनीखाली काय आहे? जनावर कशाने गेलं? आणि वर ठेवलेला आठवणीचा दगड कुणाचा?

पहिला प्रश्न: जमीन कुणाची?

कॉलनीची बाग "आपली" असते म्हणजे काय? ती आपल्या वापराची असते, आपल्या मालकीची असेलच असं नाही. कुठे ती विकास प्राधिकरणाची असते, कुठे गृहनिर्माण मंडळाची, कुठे महापालिकेची, तर कुठे सोसायटीच्या सगळ्या सभासदांची मिळून. आराखड्यात ती मोकळी जागा म्हणून, खेळण्याफिरण्यासाठी राखलेली असते. म्हणून एका घराने ठरवून तिथे दफन करता येत नाही. जागा प्राधिकरणाची असेल, तर सोसायटीने ठराव करूनही भागत नाही. ज्याची जमीन, त्याची लेखी परवानगी, हा साधा हिशेब.

मेलेल्या जनावराचं काय करायचं, हे आपल्याकडच्या नगर कायद्यांनी फार पूर्वीच ठरवून ठेवलं आहे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यात जनावर मेल्यावर तीन तासांच्या आत पालिकेच्या आरोग्य खात्याला कळवायचं, आणि रात्री मेलं तर सूर्योदयानंतर तीन तासांच्या आत, असं कलम आहे. त्या काळी मुख्यतः गाई-म्हशी आणि टांग्यांचे घोडे डोळ्यांसमोर असणार. पण तत्त्व आजही तेच आहे: वस्तीत मृत देह पडून राहू नये आणि त्याची नोंद व्हावी. राज्याराज्याचे कायदे वेगळे आहेत. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, पहिला फोन स्थानिक संस्थेच्या आरोग्य किंवा स्वच्छता विभागाला करायचा, हे मात्र सगळीकडे सारखं.

दुसरा प्रश्न: जमिनीखाली काय आहे?

फौजेत कॅम्प टाकताना आम्हाला पहिला धडा मिळतो तो स्वच्छतेचा. पाणी कुठून घ्यायचं आणि घाण कुठे गाडायची, या दोन जागा नकाशावर आधी ठरतात, तंबू नंतर उभे राहतात. घाणीचा खड्डा पाण्याच्या जागेपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. पाणी ज्या दिशेने झिरपतं, त्या दिशेला विहीर नको. पुरलेला देह जमिनीच्या दृष्टीने याच हिशेबात येतो. त्यातून स्राव झिरपतो, आणि माती तो गाळते किंवा गाळत नाही.

छत्तीसगडचे शेतकरी मातीला चार नावांनी ओळखतात: भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाठा म्हणजे आपला लाल मुरमाड माळ. पहारीनेसुद्धा लवकर फुटत नाही, आणि पाणी त्यातून पटकन खाली जातं. कन्हार म्हणजे काळी चिकण माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खड्ड्यात पाणी साचवून ठेवते. मटासी आणि डोरसा या दोघींच्या मधल्या. भाठ्यात चार फूट खणायचं म्हणजे दोन माणसांचं कित्येक तासांचं काम आहे. म्हणूनच घाईघाईत रात्री खणलेला खड्डा दीड फुटांवर थांबतो. कन्हारात खणणं सोपं, पण पावसाळ्यात तिथे देह पाण्यात राहतो, हवा मिळत नाही आणि कुजण्याची क्रिया रेंगाळते.

त्याखाली रायपूरच्या परिसरात चुनखडीचा खडक आहे. चुनखडीत पाण्याने विरघळून भेगा आणि पोकळ्या होतात. त्यांतून पाणी भराभर वाहतं, गाळलं फारसं जात नाही. वर सोसायटीची बोअरवेल असेल तर हे लक्षात ठेवायला हवं. इथे वर्षाकाठी साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये.

आणखी एक गोष्ट. आखीव वसाहतीत वीज, पाणी, सांडपाणी, सगळं जमिनीखालून जातं. बागेतल्या दिव्यांची केबल आणि झाडांना पाणी देणारा पाइप दोन-तीन फुटांवरच असतो. नकाशा न पाहता पहार मारणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

तिसरा प्रश्न: जनावर कशाने गेलं?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि नेमका हाच विचारला जात नाही.

वार्धक्याने गेलं असेल तर धोका कमी. पण पिल्लू पार्वोने गेलं असेल, तर त्याचा विषाणू फार चिवट असतो. मातीत तो महिनोन्महिने, परिस्थिती अनुकूल असेल तर वर्षभरही टिकतो. त्याच बागेत शेजाऱ्याचं लस न घेतलेलं पिल्लू हुंगत फिरलं तर त्याला लागण होऊ शकते. लेप्टोची शंका असेल तर ओल्या जमिनीत आणि साचलेल्या पाण्यात जपावं लागतं, कारण तो माणसालाही होतो.

रेबीजची शंका असेल, म्हणजे जनावर अचानक चावरं झालं होतं, लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं, तर उघड्या हाताने देहाला शिवू नका. आधी पशुवैद्यकाला कळवा. ज्याच्या जखमेला किंवा तोंडा-डोळ्यांना लाळ लागली असेल, त्याने त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन लस घ्यावी. "आमचं कुत्रं घरचंच होतं" या बोलण्याला इथे अर्थ नाही.

तिसरी गोष्ट औषधांची. असाध्य आजारात पशुवैद्यक इंजेक्शन देऊन जनावराला वेदनेतून सोडवतात. त्यासाठी पेंटोबार्बिटालसारखं औषध वापरलेलं असेल, तर ते देहात टिकून राहतं. उथळ खड्डा उकरून कुणी तो देह खाल्ला, तर खाणाराही मरू शकतो. मेलेल्या जनावराच्या अंगातलं औषध किती दूर पोचतं, हे आपल्या देशाने गिधाडांच्या बाबतीत पाहिलं आहे. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेलं डायक्लोफिनॅक, ती गुरं मेल्यावर गिधाडांच्या पोटात गेलं, आणि गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही आली. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: शेवटी कोणतं औषध दिलं, आणि पुरलं तर चालेल का? अशा देहाला दहन बरं.

एक कायद्याची गोष्टही सांगतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतचा केंद्राचा कायदा २००९ चा आहे. रोगी असल्याचं माहीत असलेल्या जनावराचा देह नदी, तलाव, कालव्यात टाकणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा "पुरता येत नाही, तर तलावात सोडून देऊ" हा मार्ग मनातही आणू नका.

चौथा प्रश्न: आठवणीचा दगड कुणाचा?

आता भावनेकडे येतो. ती खोटी नाही आणि नवीही नाही. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८८१ साली चेरी नावाच्या माल्टीज टेरिअरला पुरलं. त्या घरची मुलं बागेत नेहमी येत, दारावरच्या रखवालदाराशी त्यांची ओळख होती. त्याने आपल्या चौकीमागच्या बागेत जागा दिली. हा केवळ ओळखीखातर केलेला उपकार होता. पण एकाला दिलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. बघता बघता शेकडो छोटे दगड उभे राहिले, जागा भरली आणि १९०३ मध्ये ती बंद करावी लागली. सामायिक जागेचं गणित असंच असतं. माझ्या एका कुत्र्याने बागेचं काही बिघडत नाही, हे खरं. पण कॉलनीत पन्नास कुत्री असतील, तर पन्नासांचा हक्क सारखाच.

सामायिक जागेतलं स्मारक पुढे सगळ्यांचा विषय होतं, याचं आपल्या घरचं उदाहरण रायगडावर आहे. वाघ्या कुत्र्याचं स्मारक तिथे १९३६ साली झालं, त्याला इंदूरच्या होळकरांनी देणगी दिली होती. २०१२ मध्ये तो पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला. २०२५ मध्ये पुन्हा तो हटवण्याची मागणी झाली आणि तिला विरोधही झाला. कोणाची बाजू बरोबर, हा आजचा विषय नाही. सगळ्यांच्या जागी ठेवलेल्या दगडाला प्रत्येक पिढी प्रश्न विचारते, एवढंच मला दाखवायचं आहे.

उलट उदाहरण छत्तीसगडचं. बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुकुरदेवाचं मंदिर आहे. फणी नागवंशी राजांच्या काळातलं मानतात. कथा अशी सांगतात, की एका बंजाऱ्याने कर्जापोटी आपलं इमानी कुत्रं सावकाराकडे गहाण ठेवलं. सावकाराकडे चोरी झाली, कुत्र्याने चोरीचा माल दाखवून दिला. सावकाराने खूश होऊन कर्ज माफ केलं, तसं चिठ्ठीत लिहून ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला धन्याकडे धाडलं. बंजाऱ्याला वाटलं, हा पळून आला. रागाच्या भरात त्याने त्याला मारलं, आणि चिठ्ठी वाचली ती नंतर. मग त्याने तिथे त्याचं स्मारक बांधलं. कुत्रं चावलेले लोक आजही श्रद्धेने तिथे जातात. जरूर जा, पण आधी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हे स्मारक टिकलं, कारण गावाने ते आपलं मानलं. सामायिक जागेतली आठवण सगळ्यांनी स्वीकारली तरच टिकते. ती रात्री गुपचूप करून स्वीकारली जात नाही.

मग करायचं काय?

कॉलनीच्या बागेत परवानगीशिवाय पुरू नये, हे माझं स्पष्ट मत. पण नुसतं "करू नका" सांगणं अर्धवट आहे. वेळ आली की काय करावं, ते क्रमाने सांगतो.

जनावर गेल्याची खात्री पशुवैद्यकाकडून करून घ्या आणि कारण विचारा. हातमोजे घाला. देहाखाली जुने कागद आणि प्लास्टिक अंथरा, कारण स्राव बाहेर येतो. देह सुती चादरीत गुंडाळून थंड खोलीत, जवळ बर्फ ठेवून ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो, तिथे काही तासांपेक्षा जास्त वेळ हाताशी नसतो.

दहनाची सोय असेल तर ती सर्वांत निर्धोक. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला छोट्या जनावरांसाठी पाइप गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली. तशा सोयी इतर शहरांतही हळूहळू होताहेत. आपल्या शहरात कुठे आहे, किती वाजेपर्यंत, वाहन मिळतं का, हे आज विचारून ठेवा. त्या दिवशी डोकं चालत नाही.

पुरायचंच असेल तर स्वतःची किंवा लेखी संमती देणाऱ्या मित्राची जमीन बघा. विहीर, बोअर, नाला यांपासून किमान शंभर फूट दूर, आणि पाणी साचत नाही अशी. देहाच्या वर तीन फूट माती यायला हवी, म्हणजे मध्यम कुत्र्यासाठी खड्डा चार-साडेचार फूट खोल. प्लास्टिक काढून टाका. सुती किंवा तागाचं कापड चालतं. वर माती थोडी उंच चढवा, कारण ती पुढे खचते, आणि वरच्या थरात जड दगड रचा म्हणजे कुणी उकरणार नाही.

आपल्याकडे पोतंभर मीठ किंवा चुना टाकायची पद्धत आहे. लोकांना वाटतं त्याने देह लवकर मातीला मिळतो. होतं उलट. लोणचं टिकतं ते मिठानेच ना? मीठ कुजणं थांबवतं, शिवाय आसपासच्या झाडांच्या मुळांना जाळतं. चुन्याने वास कमी होतो, पण कुजणंही मंदावतं. ही दोन्ही कामं नुसती पुरेशी माती करते.

सोसायट्यांसाठी एक गोष्ट

१८९८ मध्ये फ्रान्सने कायदा केला. मेलेली जनावरं नदीत टाकायची नाहीत, वस्तीपासून शंभर मीटरवर, मीटरभर मातीखाली पुरायची. पॅरिसमधला माणूस शंभर मीटर मोकळी जमीन कुठून आणणार? पण पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, पॅरिसला लागून असलेल्या आनिएर इथे सेन नदीकाठी पाळीव जनावरांची दफनभूमी उघडली. ती आजही आहे. मनाई आणि पर्याय असे मागोमाग आले, म्हणून मनाई टिकली.

आपण सोसायटीत पाटी लावतो: "बागेत जनावर पुरल्यास दंड." पाटीवर त्याखाली फोन नंबर लिहितो का? दाहिनीचा, पालिकेच्या वाहनाचा, पशुवैद्यकाचा? तो लिहिला तर निम्मे लोक रात्री कुदळ उचलणार नाहीत. पाच-सहा सोसायट्यांनी मिळून प्राधिकरणाकडे अर्ज करावा, की पाण्यापासून दूर एक छोटा भूखंड यासाठी राखावा किंवा एक दाहिनी उभारावी. आमच्याकडे असा अर्ज आम्ही तयार केला आहे. ज्या कुटुंबाचं कुत्रं त्या पावसाळ्यात उकरलं गेलं, त्याच घरच्या ताईंनी तो लिहिला, आणि तक्रार करणाऱ्या पालकांनी त्याच्यावर सह्या केल्या.

आणि आठवणीसाठी बागेत जागा हवी असेल, तर तीही मिळू शकते. परवानगी घेऊन एक झाड लावा किंवा बाक द्या. देह तिथे असण्याची गरज नाही.

मानसन्मान जागेवर ठरत नाही. मुंबई पोलिसांचा झंजीर आठवतो का? १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा लॅब्रेडॉर. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. आमच्या फौजेतली मानसी ही लॅब्रेडॉर कुत्री २०१५ मध्ये कुपवाड्यात आपल्या हँडलरबरोबर अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडली. झूम २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत गोळ्या झेलून गेला. त्यांना कुठे पुरलं, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. पण त्यांनी काय केलं, ते लोक सांगतात.

तेव्हा मंडळी, ज्यांच्या घरी म्हातारं जनावर आहे त्यांनी आज रात्री एका कागदावर चार ओळी लिहाव्यात: डॉक्टरचा नंबर, दाहिनीचा किंवा पालिकेचा नंबर, गाडी कुणाची, आणि जागा कोणती. कागद औषधांच्या डब्यात ठेवा. घरातल्या सगळ्यांना, मुलांनासुद्धा, तो कुठे आहे ते सांगून ठेवा. मुलांना त्या दिवशी लांब पाठवू नका. त्यांना फूल वाहू द्या, रडू द्या. मरण म्हणजे काय हे पुष्कळ मुलं पहिल्यांदा अशाच वेळी शिकतात, आणि निरोप कसा द्यायचा हे आपल्याकडे बघून शिकतात.

पुढच्या भागात बोलू या भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावर. तोही वादाचाच विषय आहे. तोपर्यंत काळजी घ्या. जय हिंद.